घरात बाळ येणार आहे, गाडी कोणती घ्यावी?

आपल्याकडे सुनेला सातवा महिना लागला, सतवासा झाला, की घरात दोन विषय हमखास निघतात. एक, अक़ीक़ा कुठे करायचा आणि किती माणसांचा. दुसरा, गाडी. आता स्कूटरवर चालायचं नाही, बाळ येतंय, चारचाकी हवी. पूर्वी हा दुसरा विषय आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरातच निघायचा. आता शाळेतला शिक्षक, बेकरीवाला, मोबाईलचं दुकान चालवणारा, कारखान्यातला फिटर, सगळ्यांच्या घरात निघतो. हा बदल चांगलाच आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी बघायची, अडीच ते चार लाखांपर्यंत जायचं, असं ठरतं. मग मामू, भावोजी, मित्र सगळे मिळून एकाच प्रश्नावर बसतात : कोणती?

माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. त्याआधी तीन प्रश्न आहेत : कधी, किती पैशांत आणि कोणासाठी. त्यांची उत्तरं न देता गाडी घेतली, की ती बाळासाठी घेतलेली राहत नाही. ती मोहल्ल्यासाठी घेतलेली गाडी होते.

"कधी"पासून सुरुवात करू. "बाळ यायच्या आत गाडी दारात हवी" ही मुदत आपण आपल्यावर लादून घेतो. पहिलं बाळंतपण आपल्याकडे बहुतेक माहेरी होतं. सून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, चाळीस दिवसांचा चिल्ला झाल्यावर परत येते. म्हणजे गाडी सासरच्या दारात उभी आणि बाळ दुसऱ्या गावात. या गाडीचा पहिला मोठा प्रवास असतो तो आई-बाळाला घरी आणण्याचा. हिशेब केला तर हातात दोन नव्हे, चार-पाच महिने आहेत. घाई विकणाऱ्याच्या फायद्याची असते. "भाई, डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात आहे" असं एजंटला सांगितलंत की भाव करायची तुमची ताकद तिथेच संपली.

प्रसूतीच्या रात्रीची भीती खरी आहे, पण तिचं उत्तर गाडी विकत घेणं हे नाही. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला नेण्या-आणण्याची मोफत सोय १०२ क्रमांकावर आहे. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर हवा. उलट नवऱ्याने महिन्याभरापूर्वी गाडी शिकलेली असेल तर कळा सुरू झालेल्या बायकोला मागे बसवून रात्री दोन वाजता त्याने महामार्गावर गाडी चालवणं, यापेक्षा धोक्याची गोष्ट दुसरी नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेसाठी किमान तीस दिवस थांबावं लागतं. परवाना हातात आला म्हणजे हात बसला असं नाही. गाडीच्या शोधाआधी हात बसवण्याचा सराव सुरू करा.

आता पैसे. व्याजाबद्दल आपल्यात मत एकच आहे, वागणं मात्र दोन प्रकारचं आहे. जुम्याच्या बयानात मान हलवायची आणि शनिवारी फायनान्सच्या कागदावर सही करायची. मी इथे फतवा द्यायला बसलेलो नाही. जे वाचक मुस्लिम नाहीत त्यांनाही लागू पडेल असा साधा हिशेब मांडतो. तीन लाखांचं कर्ज, १४ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण ६,९८० रुपये. पाच वर्षांत भरणा ४ लाख १९ हजारांच्या आसपास, म्हणजे एक लाख एकोणीस हजार नुसतं व्याज. "फ्लॅट दहा टक्के" असं सांगणारा स्वस्त वाटतो. त्याच्याकडे त्याच तीन लाखांवर पाच वर्षांचं व्याज दीड लाख होतं, कारण फेडलेल्या मुद्दलावरही तो व्याज घेतच राहतो. आणि पाच वर्षांनी गाडीची किंमत निम्म्यावर आलेली असते. हे हप्ते सुरू होतात नेमके कधी? दूध, लस, डायपर, डॉक्टर हे सगळे खर्च सुरू होतात तेव्हाच. बाळंतपणानंतर सून वर्षभर कामावर जाणार नसेल तर घरात एकच पगार. तो हप्ता कोणाच्या ताटातून जातो हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं : जेवढे पैसे हातात आहेत तेवढ्याचीच गाडी, आणि त्यातलेही पाचवा हिस्सा मागे ठेवून. तीन लाख जमले असतील तर गाडी दोन लाख चाळीस हजारांपर्यंतच बघायची. उरलेले साठ हजार विमा, नाव बदलणं, टायर, बॅटरी, एक पूर्ण सर्व्हिस आणि बाळाची सीट यांना लागतील. कमी पडत असतील तर भावाकडून, सासऱ्यांकडून क़र्ज़-ए-हसना मागण्यात कमीपणा नाही. फक्त रक्कम आणि परतीची तारीख कागदावर लिहा. आणि महिन्यातून दोनदाच बाहेर पडायचं असेल, घर गावात असेल, तर सरळ रिक्षा करा. वर्षभराच्या विम्याच्या आणि देखभालीच्या पैशात भरपूर रिक्षा होतात. गाडी न घेणं हाही एक निर्णय आहे आणि तो कंजूषपणाचा नाही.

"कोणासाठी" हा तिसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. बाळासाठी म्हणत असाल तर गाडीचं रंगरूप, अलॉय व्हील, टच स्क्रीन हे सगळं बाजूला ठेवा आणि ती ठोकली गेली तर आतल्या माणसांचं काय होतं ते आधी बघा. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची टक्कर-चाचणी जाहीर केली. एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्याच वेळी दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. गाडी तीच, नाव तेच, एक शून्यावर आणि एक चारवर. जुनी गाडी घेताना हा धडा विसरू नका. "अमुक गाडी मजबूत आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. अमुक गाडीचं कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षाचं, एअरबॅग किती, एबीएस आहे का, हे विचारा.

वर्षांचा हिशेब सोपा आहे. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलांनाही २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत या गोष्टी असतातही, पण वरच्या मॉडेलात. म्हणून २०१६ चं वरचं मॉडेल हे २०१८ च्या खालच्या मॉडेलपेक्षा बाळासाठी चांगलं असू शकतं. आपण मात्र "दोन वर्षं नवी आहे" म्हणून खालचं मॉडेल घेतो आणि उरलेल्या पैशात सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम बसवतो.

या बजेटमध्ये शोधायला जागा आहे. टोयोटा इटिऑसला २०१६ च्या चाचणीत चार तारे होते. ती दिसायला साधी आहे, चालायला चिवट आहे. टाटा टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले. पोलोचं उदाहरण वर दिलंच. उलट मोठं कुटुंब बसतं म्हणून आपल्याकडे आवडती असलेली ईको २०१६ च्या चाचणीत शून्यावर होती. वॅगन-आरला २०१९ मध्ये दोनच तारे होते, पण तिची उंच सीट आणि मोठं दार ही सिझेरियन झालेल्या बाईला खरी सोय आहे, हेही खरं. टाके असताना खाली वाकून बसावं लागणारी गाडी काय असते ते तिला विचारा. सगळं एका गाडीत मिळत नाही. काय सोडतोय ते कळून सोडावं, एवढंच. शेवरोले, डॅटसन, फोर्ड यांसारख्या इथला धंदा आवरलेल्या कंपन्यांची गाडी स्वस्त मिळते. आपल्या गावात तिचे सुटे भाग आणि जाणता मिस्त्री असेल तरच घ्या.

सीएनजी स्वस्त पडतं हे खरं. पण डिकीत टाकी असली की बाबागाडी, बाळाची बॅग आणि खालाचं सामान कुठे जाणार? बाहेरून बसवलेलं किट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची तपासणी झाली आहे का, हे कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाळ त्या टाकीपासून दोन हातांवर बसणार आहे.

आता ज्या मुद्द्यावर घरात सगळ्यात जास्त वाद होईल तो. बाळाची सीट. "आमची पोरं मांडीवरच वाढली, काय झालं?" हे वाक्य प्रत्येक दादीमा म्हणते आणि तिच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण गणित करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात आहे, समोर ट्रक आहे, टक्कर होऊन गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबते. त्या क्षणी चार किलोचं बाळ धरून ठेवायला साधारण ऐंशी किलोचा जोर लागतो. जगातली कुठलीही आई तो जोर लावू शकत नाही, कारण तिचं स्वतःचं शरीरही तेवढ्याच झटक्याने पुढे जात असतं. मांडीवरचं बाळ आईची ढाल होतं. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो महागड्या, मजबूत गाडीत. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलं म्हणजे सुरक्षित, हा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

म्हणून नवजात बाळासाठी मागे तोंड करून बसवायची सीट, गाडीच्या मागच्या बाकावर. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर तिथे ही सीट कधीही लावायची नाही. उघडणारी एअरबॅग सीटवरच आदळते. सीटवर आर ४४ किंवा आर १२९ असा प्रमाणपत्राचा शिक्का बघून घ्या. अपघातात गेलेली सीट कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. लांबच्या प्रवासात मधे थांबून बाळाला बाहेर काढत जा. आणि गाडी बघायला जाताना ही सीट सोबत न्या. जुन्या काही गाड्यांत मागचा पट्टा आखूड असतो, काहींत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो, आयसोफिक्सचे हूक असतातच असं नाही. गाडी घेतल्यावर सीट बसत नाही हे कळण्यात काय अर्थ? चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट न लावता नेलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार रुपये दंड आहे. दंड कोणी वसूल करो न करो, कायद्याने सांगितलेली गोष्ट शहाणपणाची आहे. बऱ्यापैकी सीट अक़ीक़्याच्या मंडपापेक्षा स्वस्त येते. दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली तर दावतीतली दोन ताटं कमी करा, कोणी उपाशी जात नाही.

पोटुशी बाईनेही पट्टा लावायचा आहे. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यावर. वरचा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. "पोटाला दाबतो" म्हणून पट्टा न लावणं हे बाळाला जपणं नव्हे.

आता गाडी तपासण्याबद्दल, आणि इथे थोडं आपल्या लोकांशी बोलायचं आहे. सांगली-मिरजेत काय, मालेगावात काय, सोलापुरात काय, गॅरेजमध्ये, डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये, टायरच्या दुकानात आपलीच माणसं आहेत. कुठलं दार बदललेलं आहे, कुठे पुट्टी भरून रंग मारलाय, बोनेटच्या बोल्टला पाना लागलाय का, हे आपल्या मिस्त्रीला नजरेने कळतं. एवढं ज्ञान घरात असताना आपण एजंटच्या चकचकीत फोटोंवर का भुलतो? मिस्त्रीला दिवसाची मजुरी द्या, "आपलाच आहे" म्हणून फुकट राबवू नका, आणि त्याने "नको" म्हटलं तर नको. इंजिन थंड असताना गाडी सुरू करा. टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. किलोमीटर चाळीस हजार आणि पेडलचं रबर झिजलेलं, असं असेल तर मीटर मागे फिरवलेलं आहे; सर्व्हिसच्या नोंदी मागा. एसी भर दुपारी लावून बघा, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक बघा.

पुराचं पाणी प्यायलेल्या गाड्या हा वेगळा विषय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होतं. तेव्हा बुडालेल्या गाड्या कुठे गेल्या? बऱ्याच धुऊन-पुसून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या. अशा गाडीची वायरिंग आतून सडत जाते आणि एक दिवस एअरबॅगचा दिवा लागतो किंवा ती गाडी घाटात बंद पडते. गालिचा उचलून बघा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघा, पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला मातीचा डाग आहे का ते बघा. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघड करण्याचा तो प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी मदरशात ऐकलेला आहे. वरून कोरडं, आतून ओलं. पुराची गाडी न सांगता विकणं हा शब्दशः तोच व्यवहार आहे. आपल्यातले जे या धंद्यात आहेत त्यांनी हे मनाला लावून घ्यावं. समोरचा गिऱ्हाईक त्या गाडीत चाळीस दिवसांचं बाळ नेणार आहे, हे माहीत असताना गप्प राहून मिळालेला पैसा कसला रिज़्क?

कागदांत आळस नको. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे ते बघा. थकलेली चलानं बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५, नाव बदलायला नमुना २९ आणि ३०. दिल्लीकडे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. ना-हरकत पत्र, इथला कर आणि नव्या नंबराचा खर्च मिळवला की स्वस्ताई उरते का ते आधी मोजा. खरेदीनंतर तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज झालाच पाहिजे. जो विकतो त्यानेही पाठपुरावा करावा : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, गाडी विकलेली असली तरी. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. "नाव नंतर बदलू" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात फार चालतं. यात दोस्ती आणि भरवसा यांचा प्रश्न नाही. दोस्ती टिकवायची असेल तरच कागद लवकर करा.

शेवटी एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खटकते. गाडी बघायला कोण जातं? नवरा, त्याचे दोन मित्र, मोठा भाऊ आणि एजंट. ज्या दोघांसाठी गाडी घेतोय म्हणतो, त्यातलं एक अजून जन्मलेलं नाही आणि दुसरीला कोणी विचारत नाही. रंग विचारतात फार तर. तिला मागे बसवून बघा, बाळाच्या सीटशेजारी जागा पुरते का, दार तिला एका हाताने उघडतं का, हे तिलाच ठरवू द्या. आणि जमलं तर तिला गाडी शिकवा. दुपारी दोन वाजता बाळाला ताप चढतो तेव्हा नवरा कामावर असतो, दीर दुसऱ्या गावात असतो, आणि दारात गाडी उभी असते, चालवायला कोणी नसतं. बाळासाठी म्हणून घेतलेली गाडी बाळाच्या आईला चालवता येत नसेल, तर घरात आपण काय आणलं याचा विचार करावा लागेल. तिच्या परवान्याचा खर्च त्या मागे ठेवलेल्या साठ हजारांत सहज बसतो.